ट्रे क्रमांक एकतीस

अठ्ठेचाळीस ट्रेपैकी एका ट्रेमध्ये स्फटिक चांगले आले. तो ट्रे एकतीस नंबरचा होता. उरलेल्या सत्तेचाळीसमध्ये जे आलं ते आम्ही तीन वर्षं बघत होतो: थेंबाच्या तळाशी सांडलेल्या पिठीसाखरेसारखी भुकटी.

आमच्याकडे पीएचडी करणाऱ्या टिल्डेचं काम सांगायला सोपं आहे. डीएनएच्या सात छोट्या धाग्यांचा एक त्रिकोण तयार होतो. त्याच्या कडांना चिकट, मोकळी टोकं असतात. एका त्रिकोणाचं टोक दुसऱ्याला धरतं, दुसऱ्याचं तिसऱ्याला, आणि कोणी हात न लावता कोट्यवधी त्रिकोण तिन्ही दिशांना रचले जाऊन त्यांचा स्फटिक होतो. अडचण एवढीच की ते नीट रचले जात नाहीत. स्फटिकावर एक्स-रे सोडले की आतलं किती बारीक दिसतं याचा एक आकडा मिळतो. आकडा जितका लहान तितका स्फटिक चांगला. आमचा आकडा पाचच्या खाली उतरत नव्हता. बारा नोव्हेंबरला, स्वीडनमधल्या लुंडच्या मोठ्या एक्स-रे यंत्रावर, एकतीस नंबरच्या ट्रेमधल्या एका स्फटिकाने ३.१ दिला. त्या ट्रेमधले बाकीचे स्फटिक उचलतानाच तुटले होते.

डेन्मार्कला, ऑरहूसच्या आमच्या लॅबमध्ये परतल्यावर टिल्डेने आकडा गोर्मसमोर ठेवला. गोर्म आमचा प्राध्यापक. त्याने चष्मा कपाळावर चढवला आणि कागद नाकापाशी धरला.

"एक स्फटिक म्हणजे किस्सा," तो म्हणाला. "दोन म्हणजे योगायोग. मला सहा दे."

"कृती तीच आहे, गोर्म. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस ट्रेंना तीच कृती."

"मग सत्तेचाळीस ट्रे खोटं बोलतायत का?"

टिल्डेची शिष्यवृत्ती एकतीस जानेवारीला संपत होती. प्रबंधात चार प्रकरणं होती आणि चौथं या आकड्याशिवाय उभं राहत नव्हतं. परीक्षकांना तो स्फटिक पुन्हा करून दाखवता आला नाही, तर तीन वर्षांचं काम म्हणजे पिठीसाखरेचं सविस्तर वर्णन. लुंडला आमची पुढची पाळी सतरा जानेवारीला होती, आठ तासांची. स्फटिक एका पेटीत वाढतात. पेटी साठ अंशांपासून सावकाश थंड होत जाते आणि या सगळ्याला अठरा दिवस लागतात. पेटीत चार कप्पे. बावीस नोव्हेंबरपासून मोजलं तर तीन फेऱ्या बसत होत्या, म्हणजे एकूण बारा ट्रे. हा हिशेब मी केला. तळघरातलं छोटं एक्स-रे यंत्र आणि ती पेटी, दोन्ही माझ्याकडे असतात.

केकची यादीही माझ्याकडेच असते. आमच्या लॅबमध्ये ज्याने घोळ केला त्याने शुक्रवारी केक आणायचा. केक घरी केलेला असावा, घोळ स्वतःच्या तोंडाने सांगावा, आणि केक संपला की त्या घोळाबद्दल कोणी अवाक्षर काढायचं नाही. बाकी लॅबमध्ये चुका लपवतात. आमच्याकडे त्या खाल्ल्या जातात.

गोर्मने त्याच आठवड्यात गुरुवारी कॉफीच्या वेळी जाहीर केलं, "कृती बरोबर असताना सत्तेचाळीस वेळा वाईट आणि एकदा चांगलं आलं. याचा अर्थ त्या एकदा कोणीतरी चुकलं आहे. कोण ते मला माहीत करून घ्यायचं नाही, म्हणजे, मला तेच माहीत करून घ्यायचंय. केक घेऊन या."

शुक्रवारी तीन केक आले.

पहिला येप्पेचा, वर खोबरं आणि ब्राऊन साखरेचा थर असलेला. येप्पे पीएचडी होऊन दोन वर्षं झालेला संशोधक, टिल्डेच्या शेजारच्या टेबलावर बसतो. त्याने सांगितलं की ऑगस्टात एकदा मोबाइल चार्ज करायला त्याने पेटीचा प्लग काढला होता.

"किती वेळ?" टिल्डेने विचारलं.

"वीस मिनिटं. फार तर चाळीस."

"वीस की चाळीस? आणि कितव्या दिवशी?"

"टिल्डे, केक संपत आलाय," येप्पे म्हणाला.

"हळू खा रे सगळ्यांनी! माझे अजून तीन प्रश्न आहेत."

दुसरा केक समोरच्या लॅबमधल्या एका मुलीचा. तिच्या हातून ट्रे वीतभर उंचीवरून टेबलावर आपटला होता, पण तो एकतीस नंबरचाच होता का, हे तिला सांगता येईना. तिसरा माझा. थेंबांत घालायचं मीठ ज्या बाटलीतून घेतलं तिची मुदत संपून चार महिने झाले होते आणि मुदती तपासणं हे माझं काम.

पहिल्या फेरीत चारपैकी तीन कप्पे या तीन घोळांना गेले. चौथ्यात शुद्ध कृती ठेवली. टिल्डेने एका पेटीचा प्लग चाळीस मिनिटं काढता येईल अशी व्यवस्था एकाच कप्प्यापुरती कशी करायची यावर दोन दिवस घालवले. शेवटी तो ट्रे तिने हातमोज्यात गुंडाळून बाहेर काढला आणि घड्याळ लावून परत ठेवला.

दरम्यान केक थांबेनात. चूक सापडली की शोधनिबंधावर नाव लागणार, ही बातमी जिन्याने वर गेली. पुढच्या शुक्रवारी वरच्या मजल्यावरचा एक माणूस सफरचंदाचा केक घेऊन आला. ऑगस्टभर तो पोर्तुगालला होता.

"मी जायच्या आधी इथून गेलो होतो," तो म्हणाला. "दार उघडं राहिलं असणार."

"कोणतं दार?" मी विचारलं.

"कुठलं उघडं होतं?"

मी त्याचं नाव यादीत लिहिलं. केक चांगला होता.

दहा डिसेंबरला पहिली फेरी निघाली. चारही ट्रेंमध्ये भुकटी. माझ्या शिळ्या मिठाची भुकटी किंचित पिवळट होती, इतकाच फरक. टिल्डेने चारही ट्रे सूक्ष्मदर्शकाखाली दोनदा बघितले, मग खुर्चीत मागे रेलून डोळे मिटले.

"आठ ट्रे उरले," ती म्हणाली.

"सहा," दारातून गोर्म म्हणाला. त्याच्या हातात बेकरीचा खोका होता.

गोर्मने सोळा वर्षांत केक आणलेला मी पाहिला नव्हता. नियमाप्रमाणे तो घरी केलेला हवा, पण हे त्याला सांगायला कोणी पुढे आलं नाही. मीही नाही.

"एकतीस नंबरचा ट्रे मी पाहुण्यांना दाखवायला माझ्या खोलीत नेला होता," तो म्हणाला. "खिडकीत ठेवला होता. अर्धा तास ऊन लागलं. मी रात्रभर विचार केला. दुसरं काही असूच शकत नाही."

"तो एकतीसच होता?"

"मी प्राध्यापक आहे, टिल्डे. मला एकतीस ओळखता येतो."

"ऊन कसं आणायचं? डिसेंबर आहे."

"जेवढं असेल तेवढं. दोन ट्रे ठेव, म्हणजे शंका नको."

तो गेल्यावर येप्पेने खोका उघडून पाहिला. "इकडे आड, तिकडे विहीर," तो म्हणाला. "आता नाही म्हणालीस तर प्रबंधावर स्वाक्षरी त्याचीच लागणार, आणि हो म्हणालीस तर दोन कप्पे गेले."

"मला माहितेय."

"तिसरा पोर्तुगालवाल्याला देणार का?"

"गप बस आणि खा."

तिसरा कप्पा तिने समोरच्या लॅबमधल्या मुलीला दिला, यावेळी हातभर उंचीवरून. चौथा रिकामा राहिला. तो कोणत्या घोळाला द्यावा हे तिला ठरवता येईना, कारण यादीतले घोळ संपले होते.

त्या दिवशी दुपारी ती माझ्याकडे तळघरात आली आणि यादी मागून घेतली. बराच वेळ वाचत बसली.

"प्रेबेन, एकतीस नंबरचा ट्रे लावला कोणी होता?"

"बोडिलने. तुला त्या आठवड्यात ताप होता. पण बोडिलने अठ्ठेचाळीसपैकी एकोणीस ट्रे लावलेत. बाकी अठरांत भुकटीच आहे."

बोडिल आमची सहायक, अठ्ठावीस वर्षं याच टेबलावर. गोर्म विद्यार्थी होता तेव्हा त्याला थेंब मोजून घ्यायचं पिपेट धरायला तिने शिकवलं. गोर्मने केकचं जाहीर केलं त्या गुरुवारी सगळ्यात आधी तिलाच विचारलं होतं, काही चुकलं का. ती नाही म्हणाली होती. बोडिलला कोणी दुसऱ्यांदा विचारत नाही.

टिल्डेही विचारायला गेली नाही. ती बोडिलच्या टेबलापाशी जाऊन म्हणाली, "माझं एक काम करशील? तो ऑगस्टातला मंगळवार आहे ना, मला ताप होता तो, तेव्हा केलंस तसंच्या तसं पुन्हा कर. त्याच नळ्या, तोच क्रम."

बोडिलने चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "मी चुकले नव्हते."

"मी कुठे म्हणतेय चुकलीस?"

"मग बघायचंय काय तुला?"

"नुसतं बघायचंय. मी तोंडातून शब्द काढणार नाही."

"बघू या किती वेळ जमतं ते," बोडिल म्हणाली, आणि तिने पर्समधून तिची छोटी डायरी काढली. त्यात सगळं होतं. त्या मंगळवारी तिने आधी येप्पेचा एक ट्रे लावला होता आणि मग टिल्डेचे तीस, एकतीस, बत्तीस असे नव्हे, तर एकतीस, बत्तीस, तीस असे. तीसची नळी अजून गोठलेलीच होती म्हणून.

मी मुद्दाम वर जाऊन उभा राहिलो. बोडिलने फ्रीझरमधून येप्पेचा डबा काढला, नळ्या वितळवल्या, पिपेटला टिप लावली. टिप म्हणजे पिपेटच्या टोकाला बसणारा प्लास्टिकचा छोटा नळकांड्यासारखा तुकडा, एकदा वापरायचा आणि फेकायचा. तिने येप्पेच्या शेवटच्या नळीतून थेंब घेतला, तो सोडला, टिप नळीच्या कडेला टेकवून झटकली. मग तीच टिप टिल्डेच्या एकतीसच्या मिश्रणात बुडवली.

टिल्डेचा हात तोंडाकडे गेला. तिने तोंड दाबून धरलं आणि शब्द काढला नाही. बोडिलने एकतीस संपवला, बत्तीस संपवला, तीस संपवला, मग मिठाकडे वळताना टिप फेकून नवी घेतली.

"झालं," बोडिल म्हणाली. "आता बोल, नाहीतर फुटशील."

"टिप बदलली नाहीस."

"मिठाला बदलली की."

"येप्पेचं झाल्यावर. माझं सुरू करताना."

"कशाला? दोन्हीकडे डीएनए, दोन्हीकडे पाणी तेच. मी इथे लागले तेव्हा आम्ही टिपा धुवून उन्हात वाळवायचो. आता तुम्ही लोक थेंबाला एक टिप फेकता आणि भिंतीवर प्लास्टिक वाचवायची पत्रकं लावता."

"अठ्ठावीस वर्षं असंच करतेस?"

"अठ्ठावीस वर्षांत काय बिघडलं ते दाखव."

खरंच काही बिघडलं नव्हतं. बोडिलला चूक विचारली तेव्हा ती नाही म्हणाली, कारण तिच्या लेखी ती चूक नव्हती. आणि केक फक्त चुकीसाठी आणतात.

टिल्डेने येप्पेला बोलावलं. "त्या मंगळवारी तुझ्या शेवटच्या नळीत काय होतं?"

येप्पेला आठवायला वेळ लागला. "ते इवलाले तुकडे. माझा फसलेला प्रयोग. दोनच आठवडे केला आणि सोडून दिला."

"काय करायचे ते?"

"त्रिकोणाच्या चिकट टोकांवर जाऊन बसायचे. मला स्फटिक होऊच द्यायचा नव्हता. आणि खरंच, एकही झाला नाही. सगळे थेंब स्वच्छ. म्हणून तर फसलेला म्हणतो, त्यात मोजण्यासारखं काही राहिलंच नाही."

"पण जर अगदी थोडे असतील तर?"

येप्पे खुर्ची ओढून बसला.

नंतर टिल्डेने मला ते असं समजावलं. समारंभात माणसाचे दोन्ही हात मोकळे असले की जो समोर येईल त्याचा हात तो धरतो, आणि एकदा धरला की सोडणं अवघड. हातात कप असला की आधी कप ठेवावा लागतो. तेवढ्यात चुकीचा माणूस पुढे निघून जातो. त्रिकोण घाईघाईने वाकडे चिकटत होते. टिपेला उरलेला थेंब पहिल्याच, म्हणजे एकतीसच्या नळीत धुऊन गेला; तिथे काहींच्या हातात येप्पेचे कप आले, घाई कमी झाली, वाकडा बसलेला सुटून पुन्हा सरळ बसायला सवड मिळाली. हे खरं असेल तर सुरुवात कमी ठिकाणी होईल, स्फटिक थोडे येतील, पण मोठे येतील.

"आणि खोटं असेल तर?" मी विचारलं.

"तर माझ्याकडे चारच ट्रे उरलेत."

टिपेत किती थेंब उरतो ते आम्ही मोजलं. बोडिलने वीस वेळा टिप झटकली, मी वीस वेळा तळघरातल्या काट्यावर वजन केलं. सरासरी मिलिग्रॅमच्या चार दशांश. वीसच्या वीस आकड्यांत फरक नावालाही नव्हता. माझ्या हाताने तेच केलं तर आकडे चार दशांशांपासून अकरा दशांशांपर्यंत उड्या मारत होते. येप्पेच्या नळीतलं प्रमाण धरून हिशेब केला तर दोनशे त्रिकोणांमागे साधारण एक तुकडा.

बोडिलने नव्याने लावलेला एकतीसचा ट्रे चौथ्या कप्प्यात गेला. मग नाताळ आला.

अठ्ठावीस डिसेंबरला इमारतीत मी, टिल्डे आणि चालू ठेवलेले फ्रीझर एवढेच होतो. खिडकीतल्या दोन ट्रेंमध्ये भुकटी. हातभर उंचीवरून आपटलेल्यात भुकटी आणि एक केस. बोडिलच्या ट्रेमध्ये चोवीस थेंब होते आणि त्यांपैकी एकोणीस थेंबांत एक-एक, दोन-दोन स्फटिक, टोकदार, जाड, नुसत्या डोळ्यांनी दिसतील एवढे. टिल्डेने त्यातला एक सुईने हलकेच दाबला. मिठाचा असता तर कडकन फुटला असता. हा लोण्यासारखा दबला.

"डीएनए आहे," ती म्हणाली. मग तिने कोट घातला, बाहेर जाऊन इमारतीला एक फेरी मारली आणि परत येऊन चार नळ्या बर्फात ठेवल्या.

ट्रे भरायला घेणार तोच गोर्मचा फोन आला. तो जटलंडच्या उत्तर टोकाला सासुरवाडीत होता.

"खिडकीचं काय झालं?"

"भुकटी, गोर्म."

"साहजिक आहे. डिसेंबरचं ऊन म्हणजे ऊन नव्हे. मी दिव्याची चौकशी करून ठेवलीय. या फेरीत पुन्हा दोन कप्पे दे, दिव्याखाली."

टिल्डेने माझ्याकडे बघितलं. मी यंत्राकडे बघितलं.

"नाही," ती म्हणाली.

"काय?"

"दोन कप्पे देणार नाही. एकही देणार नाही. चारही मला हवेत. दोनशेला एक, पाचशेला एक, हजाराला एक आणि पन्नासला एक. स्फटिक बोडिलच्या टिपेतून आलाय. तुझ्या खिडकीतून नाही."

पलीकडे कोणीतरी ताटं आवरत होतं, ते स्पष्ट ऐकू येत होतं.

"बोडिल चुकली?" गोर्मने विचारलं.

"नाही. तिला असं विचारूही नकोस."

"मी नाही विचारणार," गोर्म म्हणाला. त्याचा आवाज जरा उतरला होता. "मला अजून तिच्यासोबत काम करायचंय. पण टिल्डे, चारही फसले तर खिडकीचा पुरावा राहून जाईल."

"राहू दे."

त्याने नाताळच्या शुभेच्छा दिल्या, ज्या तीन दिवस उशिरा होत्या, आणि फोन ठेवला.

यावेळी टिल्डेने प्रत्येक थेंबाला नवी टिप वापरली. उरलेल्या थेंबावर विसंबायचं नव्हतं. येप्पेचे तुकडे तिने मोजून घातले. पंधरा जानेवारीला पेटी उघडली. पन्नासला एकच्या ट्रेमध्ये थेंब आरशासारखे स्वच्छ, स्फटिक एकही नाही. हजाराला एकमध्ये भुकटी. पाचशेला एकमध्ये मध्यम. दोनशेला एकमध्ये तेवीस थेंबांत जाड स्फटिक. तिने त्यातले सात निवडले आणि द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवले. समुद्रावरचे पूल ओलांडून सतराला पहाटे आम्ही लुंडला पोहोचलो. वाटेत ती एकदाच बोलली, नायट्रोजनच्या भांड्याचं झाकण घट्ट आहे का ते विचारायला.

पहिला स्फटिक किरणांसमोर यायला तासभर गेला. पडद्यावर ठिपके आले, आणि मध्याच्या बाहेर, अजून बाहेर, पार कडेपर्यंत येत राहिले. हिशेब व्हायला काही मिनिटं लागतात. त्या वेळात टिल्डेने राय धान्याची भाकरी बाहेर काढली आणि न खाता परत गुंडाळली. आकडा आला ३.०. दुसरा ३.१. तिसरा ३.०. चौथ्याच्या वेळी तिने भाकरी खाल्ली. पाचवा ३.२, सहावा ३.१.

सातवा नुसता काळा डाग होता, ठिपके नाहीत.

तिने गोर्मला फोन लावला आणि आवाज मोठा केला, म्हणजे मलाही ऐकू यावा.

"सातपैकी सहा," ती म्हणाली. "सगळे ३.२ च्या आत."

गोर्मने विचारलं, "सातव्याचं काय झालं?"

"उचलताना मी तोडला. घाई केली."

"ते लिही," गोर्म म्हणाला. "चौथ्या प्रकरणात. सहाही लिही आणि तेही लिही. वीस तारखेपर्यंत मला पाठव, मी त्याच दिवशी सही करतो."

तिने फोन ठेवला, वही उघडली, तारीख घातली आणि सातही आकड्यांचा तक्ता काढला. सातव्यापुढे कारण लिहिलं. मग घड्याळ बघितलं. आमच्या आठ तासांपैकी पावणेदोन तास शिल्लक होते. तीन वर्षांत लुंडला आम्हाला वेळ कधी पुरला नव्हता, त्यामुळे उरलेल्या वेळेचं काय करायचं हे दोघांनाही सुचेना. टिल्डेने पहिला स्फटिक पुन्हा लावला आणि आम्ही तो पुन्हा मोजला. ३.० आला.